घारीची पाठ

वर्गात मला सगळे एक्स-रे म्हणायचे. खरं नाव हजेरी घेण्यापुरतं उरलं होतं. हिच्या अंगठ्यांना कातडीखालचं हाड दिसतं, अशी माझी ख्याती होती आणि ती ख्याती मला मुळीच जड होत नव्हती. नव्या माणसासमोर कोणी त्या नावाने हाक मारली तर मी पहिल्यांदा ऐकू न आल्यासारखं करायची. मग त्याला ती पुन्हा मारावी लागायची आणि नवा माणूस हमखास विचारायचा, "एक्स-रे का म्हणतात हिला?"

आता हे सांगताना कान गरम होतात. पण तेव्हा मजा वाटायची, हे लपवून काय उपयोग?

फिजिओथेरपीच्या मास्टर्सची दोन वर्षं आम्ही पुस्तकांपेक्षा एकमेकांच्या अंगांवर जास्त काढली. प्रॅक्टिकलचा हॉल लांबट होता. दोन्ही भिंतींना लागून कमरेइतकी उंच, गादी लावलेली बाकडी होती. त्यांना आम्ही प्लिंथ म्हणायचो. दर दोन प्लिंथच्या मध्ये फिकट हिरवा पडदा असायचा आणि तो कधीच पूर्ण सरकायचा नाही. कोपऱ्यात चाकांच्या स्टँडवर सांगाडा उभा होता, त्याचा जबडा दोऱ्याने बांधलेला. आल्या आल्या कोणीतरी आपली पिशवी त्याच्या खांद्याला अडकवायचं आणि त्यावरून प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडम रोज न चुकता ओरडायच्या. या हॉलमध्ये आजारी माणसं नसायची. आम्हीच एकमेकांचे पेशंट. जोड्या पहिल्या आठवड्यात ठरल्या त्या ठरल्या. एकीने पालथं निजायचं, दुसरीने तपासायचं, मग उलट. निजणाऱ्याला मॉडेल म्हणत, मग तो दिसायला कसाही असो.

माझी जोडीदार होती घारी. डोळे घारे, म्हणून घारी. बारीक अंगाची, कमी बोलणारी, बसल्या जागी डुलकी काढू शकणारी मुलगी. पहिल्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड करून सदरा काढला आणि पालथी निजली, तेव्हा मला तिची पाठ दिसली. खांद्याच्या उजव्या फऱ्यापासून कंबरेपर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. कातडी ठिकठिकाणी ओढल्यासारखी, चकचकीत. मी एवढंच विचारलं, "दाबलं तर दुखतं का?" ती म्हणाली, "नाही." बस. कसं झालं, कधी झालं, कोणी केलं, काही नाही. आपण किती समजूतदार आहोत असं त्या दिवशी मला वाटलं होतं. वर्गात हूं की चूं केलं नाही, घरी आईलासुद्धा सांगितलं नाही.

आमचं मुख्य काम असायचं मणके तपासण्याचं. एकेका मणक्यावर दोन्ही अंगठे ठेवून हलकं दाबायचं. निरोगी मणका किंचित दबतो आणि परत येतो. एखादा आखडलेला असला तर तितका दबत नाही. फरक एवढा बारीक की डोळ्यांना दिसतच नाही, तो अंगठ्यांनाच कळावा लागतो. मॅडम आधी प्रत्येक मॉडेलची पाठ स्वतः तपासायच्या, कुठला मणका आखडलाय ते मनात ठेवायच्या आणि मग आम्हाला शोधायला सांगायच्या.

सुरुवातीला मला काहीही कळत नव्हतं. शपथेवर सांगते, दगडावर हात ठेवल्यासारखं वाटायचं. इतर प्लिंथवरच्या मुलीही अंदाजपंचे उत्तरं देत होत्या, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. एकदा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, पीठ मळतेयस का?" त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. घारी बाहेर माझी पिशवी धरून उभी होती. मी तिला म्हटलं, एक तर कोर्स सोडते, नाहीतर जोडीदार तरी बदलून घेते, तुझ्या पाठीला हाडंच नाहीत. तिने पिशवी माझ्या हातात दिली.

आणि मग पुढच्या आठवड्यात चमत्कार झाला. कंबरेच्या वरच्या बाजूला एका मणक्यावर माझे अंगठे आपोआप थांबले. इथेच, असं आतून कोणीतरी म्हणालं. मी सांगितलं. मॅडमनी भुवया उंचावल्या. "बरोबर." दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबर. त्याच्या पुढे तर माझं चुकणंच बंद झालं. ओपीडीत खरे पेशंट तपासायला लागलो तिथेही मी खपून गेले, कारण खरा पेशंट दुखऱ्या जागेवर बोट पडलं की "आई गं" करतोच. त्याला एक्स-रे कशाला हवा? पण हे मला आता सुचतंय. तेव्हा ते "आई गं"सुद्धा मी माझ्याच खात्यावर जमा करत होते.

आमच्याच शेजारच्या प्लिंथवर एक लंबू होता. दारातून येताना मान झुकवायचा आणि बारीकशा जोडीदारावर वाकून वाकून स्वतःचीच कंबर धरून बसायचा. त्याला मणका सापडायचा नाही आणि तसं तो मॅडमना सरळ सांगायचा. "नाही कळत, मॅडम." सगळे हसायचे. मी तर पडद्याआडून हात घालून त्याचे अंगठे धरून जागेवर ठेवायची. "हे बघ, इथे. आता कळतंय ना?" तो प्रामाणिकपणे विचार करायचा आणि म्हणायचा, "नाही." मला त्याची कीव यायची.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मॅडमच्या हाताखाली, मणक्यांच्या विभागात, एक जागा निघणार असल्याचं कळलं. अख्ख्या बॅचमधून एकालाच घेणार होत्या. तिथे दोन वर्षं काढलेल्या माणसाला पुढे कुठेही विचारत नाहीत की तुला येतं काय. शेवटच्या प्रॅक्टिकलवर ठरणार होतं. मॅडम जाता जाता मला म्हणाल्या होत्या, "परीक्षा नीट दे, बाकी मी बघते." झालं. मला आभाळ ठेंगणं झालं. मला ती जागा हवी होती, नुसती हवी नव्हती, ती माझीच आहे असं धरून मी चालायला लागले होते. घरी सांगून मोकळी झाले. आईने शेजारणीला सांगितलं, बाबांनी त्यांच्या ऑफिसात. आमच्या आईला पोटात काही ठेवता येत नाही, असं मी तेव्हा समजत होते.

आई घरी शिवणकाम करते, शाळांचे गणवेश. दिवसभर मशीनवर वाकून तिची पाठ धरते. संध्याकाळी मी घरी आले की ती पलंगावर पालथी पडायची आणि मी तिची पाठ बघायची. पाच-दहा मिनिटांत "सुटलं गं बाई" म्हणत उठायची आणि बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "पोरीच्या हाताला गुण आहे." बाबा आतून म्हणायचे, "मग माझ्या गुडघ्यांनी काय पाप केलंय?" रोजचं होतं हे.

परीक्षा घ्यायला बाहेरून एक सर आले होते. वयस्कर, किरकोळ अंगाचे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आवाज इतका हळू की आम्हाला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. आम्ही जोडीजोडीने रांगेत उभे होतो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "जोडीदाराची पाठ तुम्हाला तोंडपाठ असणार. त्यामुळे आज अदलाबदल करू."

माझ्या वाट्याला लंबू आला. मनात म्हटलं, बरं झालं, मोठी पाठ आहे, मोठे मणके. मला भीती वाटली नाही, हे मुद्दाम सांगते. लंबू पालथा झाला, पाय प्लिंथच्या बाहेर. सरांनी त्याला बजावलं, बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, तिने काही विचारलं तरी गप्प. मग मला म्हणाले, "सावकाश बघा. सगळ्यात आखडलेला मणका शोधा आणि खूण करा."

मी अंगठे ठेवले आणि दाबत खाली गेले. पहिल्यांदा वाटलं, घाई होतेय. म्हणून पुन्हा वरून सुरुवात केली. काही नाही. लंबूची पाठ संथ वरखाली होत होती. तो मजेत श्वास घेत पडला होता. सगळे मणके सारखे. ते सगळे एकाच वेळी आखडलेले असू शकतात आणि एकही आखडलेला नसू शकतो, इतके सारखे. "इथेच" म्हणणारा तो आतला आवाज गप्प होता. माझ्या मानेवर घाम आला. हात तेच होते, अंगठे तेच, दाब तोच. शेवटी कंबरेच्या जरा वर एक जागा धरली आणि ठसक्यात खूण केली. ठसका मात्र कमी पडू दिला नाही.

सरांनी ती खूण बघितली, कापसाने पुसली आणि म्हणाले, "जरा बाहेर जाऊन पाणी पिऊन या." मी आले तेव्हा म्हणाले, "आता पुन्हा शोधा." मी पुन्हा शोधलं, पुन्हा खूण केली. त्यांनी आधीच्या खुणेची जागा लक्षात ठेवली होती. तिथे आपलं बोट ठेवलं, माझ्या नव्या खुणेवर दुसरं बोट ठेवलं. दोन बोटांच्या मध्ये माझा तळहात मावला असता. ते मला रागावले नाहीत. त्यांनी त्या दोन जागांकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "आतापर्यंत कुणाच्या पाठीवर शिकलात?"

"माझ्या जोडीदाराच्या," मी म्हणाले.

"फक्त तिच्या?"

मी मान डोलावली. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या प्लिंथकडे गेले.

मी जिन्यात जाऊन बसले. थोड्या वेळाने लंबू शर्टाची बटणं लावत आला आणि एक पायरी खाली बसला, तरी त्याचं डोकं माझ्या डोक्याच्या बरोबरीला होतं. चेहरा अपराधी.

"सॉरी यार," तो म्हणाला. "मी मदत करायला बघत होतो, पण मला ते घारीसारखं जमत नाही. आणि सर समोर उभे. नेमकं कुठे थांबायचं तेही मला माहीत नव्हतं."

"काय जमत नाही?"

"ते श्वासाचं."

"कुठल्या श्वासाचं?"

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. "चेष्टा करतेस ना? तुझे अंगठे बरोबर जागेवर आले की घारी श्वास रोखून धरते. मॅडम आधी तिला तपासतात, तेव्हा त्यांचा हात कुठे रेंगाळला ते तिच्या लक्षात राहतं. पडद्याच्या फटीतून मला तिचं तोंड रोज दिसतं. तुमचं आपसात ठरलेलं असणार असं आम्ही समजत होतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

तो खाली बघत म्हणाला, "सगळेच. म्हणून तर एक्स-रे पडलं ना नाव. अगं, थट्टेत पडलं होतं. तू ते इतकं मनावर घेतलंस, मग कोणाला बोलवेना."

डोक्यात तिडीक जाणे म्हणजे काय ते मला त्या जिन्यात कळलं. लोक पाठीत सुरा खुपसला म्हणतात. इथे पाठ तिची होती आणि सुरा मला लागला होता. दोन वर्षं अख्ख्या वर्गाने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं आणि खाली उभं राहून मजा बघितली होती. आणि मी वरून या लंबूला शिकवत होते, त्याचे अंगठे धरून, कळतंय ना, कळतंय ना.

घारी सामानाच्या खोलीत होती. तिथे उशा, पट्टे, रबरी चेंडू, व्यायामाच्या काठ्या असलं सगळं ठेवलेलं असतं. ती उशांना धुतलेल्या खोळी चढवत होती. मी आत जाऊन दार लावलं तेव्हाच तिला कळलं. तिने हातातली उशी खाली ठेवली नाही, पोटाशी धरली.

"लंबू बोलला?" तिने विचारलं.

"तू का नाही बोललीस?"

"बोलणार होते. खूपदा."

"दोन वर्षं? तुला डुलकी काढायला वेळ मिळाला, हे एक वाक्य बोलायला मिळाला नाही?"

ती उशीकडे बघत राहिली. "पहिल्या वेळी आपोआप झालं. तुझे अंगठे तिथे आले आणि मला वाटलं, आता तरी थांब, आता तरी हिला सापडू दे. श्वास अडकला माझा. तू थांबलीस. तुझा चेहरा मला दिसत नव्हता, पण तुझे हात बदलले. लगेच गरम झाले. मग दुसऱ्या दिवशी..." तिने उशी आणखी घट्ट धरली. "दुसऱ्या दिवशीपासून मी मुद्दाम केलं."

"का? मी काय भीक मागितली होती?"

"तू जोडीदार बदलून घेणार होतीस."

"मग?"

"मग माझी पाठ आणखी कुणीतरी बघितली असती," घारी म्हणाली. "तू एकटीच होतीस जिने विचारलं नाही. शाळेपासून सगळे विचारतात. कोणी बोट लावून बघतं, कोणी च् च् करतं. दर वेळी तेच सांगायचं. तू विचारलंस, दुखतं का, आणि कामाला लागलीस. मला तूच हवी होतीस. बाकी मला काही सुचलं नाही."

दुसरं कोणी असतं तर इथे विरघळलं असतं. मी नाही विरघळले. मला तिचं दुःख दिसत होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर लंबूच्या पाठीवरच्या त्या दोन जागा होत्या.

"म्हणजे तुझी पाठ झाकायला तू माझे हात वापरलेस," मी म्हणाले.

तिने मान खाली घातली. मग अगदी हळू म्हणाली, "तुलाही आवडत होतं ना पण?"

"आवडणारच. आवडणार नाही तर काय? रोज उठून कोणी बरोबर, बरोबर म्हणत असलं तर आवडतंच माणसाला. पण मला वाटायचं ते खरं आहे. तुला माहीत होतं की नाहीये. फरक आहे की नाही?"

"आहे."

एवढ्यात मला दुसरीच गोष्ट सुचली. "मी मॉडेल असायची तेव्हा?" मी विचारलं. "मी निजलेली असायची आणि तू तपासायचीस तेव्हा?"

तिने उशीवर हनुवटी टेकवली, आणि मला उत्तर कळलं. माझी पाठ खोटं बोललीच नव्हती. मी काहीच करत नव्हते, निजून नुसता श्वास घेत होते. ती चुकायची, मॅडम तिला चूक म्हणायच्या, ती पुन्हा शोधायची, पुन्हा चुकायची. पहिलं वर्षभर तिचे मार्क माझ्या निम्म्याने असायचे आणि मी तिला धीर द्यायची. दोन वर्षं माझ्या खऱ्या पाठीवर तिचे हात तयार होत होते, आणि तिच्या खोट्या पाठीवर माझे हात वाया जात होते. याला केसाने गळा कापणं म्हणतात.

"तुझं कसं झालं आज?" मी विचारलं.

"ठीक."

"ठीक म्हणजे?"

"सरांनी दोनदा बघायला लावलं. दोन्ही वेळेला एकच आलं." तिने उशी शेवटी खाली ठेवली. तिचे घारे डोळे भरले होते. "मॅडमनी आत्ताच बोलावलं होतं. ती जागा... मी मागितली नव्हती गं. मला आता उद्या हो की नाही सांगायचंय. मी नाही सांगते."

"नाही सांगू नकोस," मी म्हणाले. "तुझी आणखी एक मेहेरबानी मला नकोय."

"मग मी काय करू?"

तिने हे खरंच विचारलं होतं. मी दार उघडलं. "ते तुझं तू बघ. मला सांगायला येऊ नकोस." आणि निघाले. मागे ती रडत होती की खोळी चढवत होती, मी वळून बघितलं नाही.

कॉरिडॉरमध्ये मॅडम भेटल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं, पुढच्या सत्रात परीक्षेला पुन्हा बसावं लागेल म्हणाल्या. एवढंच सांगून त्या जाणार होत्या, पण मी वाट सोडली नाही.

"तुम्हाला माहीत होतं, मॅडम?"

त्यांनी चष्मा काढला. "तुझं उत्तर बरोबर यायचं. बरोबर आलेल्या मुलीचे हात कशाला बघा, असं झालं माझं. चुकणारे इतके असतात की सगळा वेळ त्यांच्यातच जातो." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

घरी पोहोचले तेव्हा बाबा दारातच होते, बाजाराची पिशवी घेऊन निघालेले. "काय एक्स-रे, उडवलात ना बार?" ते म्हणाले. मी दमलेय म्हटलं. ते म्हणाले, दमणारच, मोठ्या माणसांना दमावंच लागतं, आणि जिना उतरून गेले. आतून मशीनचा आवाज थांबला. आई दोरे झटकत बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परीक्षेचं काही विचारलं नाही.

"चल, आधी माझी पाठ बघ," ती म्हणाली. "मग खाऊन घे." आणि नेहमीसारखी पलंगावर पालथी झाली, गाल उशीवर, डोळे मिटलेले.

मला नाही म्हणवेना. मी शेजारी बसले आणि तिच्या पाठीवर अंगठे ठेवले. रोज ठेवायची तिथेच, मधोमध.

"हं," आई म्हणाली. "अगदी तिथेच."

तो शब्द माझ्या कानात खुपला. काल खुपला नसता. मी अंगठे तिथून उचलले आणि पार खाली, माकडहाडाजवळ ठेवले. शिवणकामाने तिथे दुखायचं काही कारणच नाही. मी दाबलंसुद्धा नाही.

"हं. तिथेच गं."

मग उजव्या बाजूला, बरगडीवर.

"आत्ता कसं सापडलं बघ."

मी दोन्ही हात उचलले आणि तिच्या पाठीवर हवेत धरून बसले. भिंतीवर घड्याळ वाजत होतं, खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करायला धडपडत होतं. आईने थोडा वेळ वाट बघितली. माझं काम संपलं असं तिला वाटलं असावं.

"सुटलं बघ," ती डोळे न उघडता म्हणाली. "काय हात आहे गं तुझा. एकदम मोकळं वाटलं."

"आई," मी म्हणाले, "मी हात लावलेलाच नाहीये."

ती हलली नाही. गाल उशीवर तसाच. तिच्या मिटलेल्या डोळ्यांच्या पापण्या मात्र हलल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"कधीपासून बरं वाटल्याचं सांगतेस?"

आई म्हणाली, "तू पहिल्यांदा आलीस ना, कोर्स सोडते म्हणत. डोळे सुजवून. मी म्हटलं, बघ माझी पाठ, आणि तू बघितलीस. मी म्हटलं, बरं वाटलं. तू जेवलीस त्या दिवशी नीट." तिने उशीवरचा हात जवळ घेतला. "मग रोज म्हणत गेले. तेवढ्याने माझं काय जात होतं?"

घारीला निदान स्वतःचं काही झाकायचं होतं. आईला तसलं काही नव्हतं. ती माझ्यासाठी रोज संध्याकाळी दुखऱ्या पाठीने पालथी पडत होती आणि दुखऱ्याच पाठीने उठत होती. घारीवर चिडता आलं. हिच्यावर कसं चिडायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि तरी मी चिडले होते. आज दिवसभरात एकही माणूस असा भेटला नव्हता, ज्याने मला मी आहे तशी समजून काही सांगितलं होतं. त्या परक्या सरांशिवाय.

"दुखतं कुठे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"राहू दे आता."

"कुठे दुखतं, आई?"

"डाव्या फऱ्याखाली," ती म्हणाली. "आत कुठेतरी. मला नीट नाही सांगता येत."

दोन वर्षांत माझा हात डाव्या फऱ्याखाली एकदाही गेला नव्हता. मी अंगठे तिथे नेले. ठेवले. दाबले. दगडावर ठेवल्यासारखे होते ते, पहिल्या आठवड्यातल्यासारखेच. हाताला काही लागलं नाही, आणि मी तसं म्हणाले, मोठ्याने. "मला काही कळत नाहीये."

"हं, तिथे..." आईने सवयीने सुरुवात केली आणि तोंड मिटलं. मी तशीच थांबले. तिला किती अवघड जात होतं ते मला माझ्या हातांखाली नाही, पण तिच्या आवाजात कळलं.

"नाही," आई म्हणाली. "तिथे नाही."

मी अंगठे जरा खाली सरकवले.

"नाही," ती म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते आणि उशी ओली झाली होती. "तिथेही नाही."